७९ टक्के न्यूट्रोफिल, आणि सगळे दोन लोबचे

एप्रिलचा दुसरा आठवडा होता, सोलापुरात पारा ४२ च्या आसपास आणि नळाला पाणी येऊन पाच दिवस झालेले. पाण्याचं उगाच सांगत नाहीये, पुढे त्याचाच घोळ आहे सगळा.

माझी लॅब छोटी, शहराच्या पूर्व भागात. आजूबाजूला टॉवेल-चादरीचे कारखाने, त्यामुळे पेशंट बहुतेक लूमवरचे कामगार नाहीतर विड्या वळणाऱ्या बायका. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन, १९ वर्षं झाली या कामात, पॅथॉलॉजिस्ट मॅडम संध्याकाळी येऊन रिपोर्ट बघतात आणि सही करतात. सेल काउंटर, म्हणजे रक्तपेशी मोजायचं मशीन, थ्री पार्टचा आहे. फाइव्ह पार्ट परवडत नाही असं नाही, पण सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) किती रुपयात करायची हे आमच्याकडे समोरची लॅब ठरवते, असो.

पेशंट ३४ वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. आठ महिने खोकला. दोनदा थुंकी तपासलेली, दोन्ही वेळा निगेटिव्ह, पण एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांत बारीक बारीक ठिपके दिसले म्हणून कुणीतरी टीबीच्या गोळ्या चालू केल्या होत्या, दोन महिने खाल्ल्या, काडीचा फरक नाही. मग कापसाच्या धुळीचा दमा म्हणून पंप दिला, त्यानं थोडं बरं वाटायचं आणि परत तेच. वजन चार किलो उतरलेलं. ही सगळी हिस्ट्री मला नंतर कळली हां, सॅंपल आलं तेव्हा फॉर्मवर फक्त 'खोकला' एवढंच लिहिलेलं. बायको बरोबर आली होती, ती रक्त काढताना म्हणाली, "रात्री दोनला उठून बसतेत बघा दादा, घरात कुणाला झोप नाही, सकाळी मात्र चांगले असतेत." मी हूं म्हटलं आणि ट्यूब हलवत आत गेलो. तिनं निदानच सांगितलं होतं खरं तर, पण आम्ही लॅबवाले पेशंटचं बोलणं कुठं ऐकतो, आम्हाला ट्यूबवरचं नाव बरोबर आहे ना एवढंच बघायचं असतं.

मशीननं दिलं: हिमोग्लोबिन १३.६, प्लेटलेट ३ लाख १० हजार, टोटल काउंट (सगळ्या पांढऱ्या पेशी) २४,६००. डिफरन्शियल, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी: ग्रॅन्युलोसाइट (दाणेदार पेशी) ७९, लिम्फोसाइट १५, मिड ६.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थ्री पार्ट म्हणजे काय ते सांगतो. मशीन पेशी बघत नाही, मोजते. आधी एक लाइज नावाचं केमिकल लाल पेशी फोडून टाकतं आणि पांढऱ्या पेशींचा सायटोप्लाझम आकसवतं, मग एकेक पेशी बारीक भोकातून जाते, जाताना करंटला अडथळा होतो आणि अडथळा जेवढा मोठा तेवढी पेशी मोठी धरायची. ढोबळमानानं ३५ ते ९० फेम्टोलिटर ते लिम्फोसाइट, ९० ते १६० मिड, त्याच्या वरचे ग्रॅन्युलोसाइट. रंग नाही, न्यूक्लियस नाही, काही नाही, नुसता आकार. इओसिनोफिल, म्हणजे अॅलर्जीत आणि जंतांमध्ये वाढणाऱ्या पेशी, कागदोपत्री मिडमध्ये यायला पाहिजेत, पण ते वाढले की बरेचसे सरळ ग्रॅन्युलोसाइटच्या ढिगात जाऊन बसतात आणि मग मशीनच्या लेखी तो न्यूट्रोफिलच, म्हणजे बॅक्टेरियल इन्फेक्शनमध्ये वाढणारी पेशी.

आणि आता लाज वाटायची गोष्ट. आमच्या रिपोर्टच्या फॉरमॅटमध्ये पाच रकाने आहेत, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मोनोसाइट, बेसोफिल. मशीन तीन देतं. मग सॉफ्टवेअरवाल्यानं काय केलंय, ग्रॅन म्हणजे न्यूट्रोफिल धरायचे आणि मिडचे दोन भाग करून निम्मे इओसिनोफिल निम्मे मोनोसाइट. बेसोफिल शून्य. बसवून दिलं. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं, पण बंदही कर म्हटलं नाही, कारण रिपोर्ट दिसायला भरलेला दिसतो आणि डॉक्टरही काही विचारत नाहीत. किती छोट्या लॅबमध्ये असं चालतं हे या कामातल्या माणसांना मी सांगायची गरज नाही.

पण २४,६०० हा आकडा तसाच सोडायचा नाही एवढा नियम आमच्याकडे आहे, २० हजारच्या वर टोटल गेला की स्लाइड करायचीच. हाताखालच्या मुलानं केली. चांगला मुलगा आहे, हात चांगला, स्मिअर, म्हणजे काचेवरचा रक्ताचा पातळ थर, अगदी जिभेसारखा काढतो, टेल (थराचं टोक) पण छान. त्यानं लेशमन स्टेन (पेशी रंगवायचा रंग) केला, शंभर पेशी मोजल्या आणि लिहिलं न्यूट्रोफिल ८०, लिम्फोसाइट १४, इओसिनोफिल २, मोनोसाइट ४. मशीन ७९ म्हणतंय, मुलगा ८० म्हणतोय, दोघांचं जुळलं, मग शंका कशाला घ्यायची. त्या दिवशी मॅडमना यायला उशीर झाला, स्लाइड न बघताच सही झाली, 'न्यूट्रोफिलिक ल्युकोसायटोसिस, बॅक्टेरियल इन्फेक्शनसाठी तपासून बघावे' असा शेरा लिहून रिपोर्ट गेला.

चार दिवसांनी छातीच्या डॉक्टरांचा फोन. पेशंट आता त्यांच्याकडे गेला होता. "अहो, ७९ न्यूट्रोफिल लिहिलंय तुम्ही, दोन अँटिबायोटिकचे कोर्स झाले, ताप जवळजवळ नाही, सीआरपी (इन्फेक्शन-सूज दाखवणारी तपासणी) ९ आहे, आणि छातीत नुसती शिट्टी वाजतीय. स्लाइड तुम्ही स्वतः बघितली का?"

"बघतो सर," म्हणालो. बघतो म्हणजे बघितली नव्हती, हे त्यांनाही कळलं असणार.

स्लाइड बॉक्समधून काढली. नुसत्या डोळ्यांनीच निळी दिसली, जांभळट गुलाबी नाही, सरळ निळी, इंकपेनची शाई सांडल्यासारखी. मायक्रोस्कोपखाली लाल पेशी करड्या-हिरवट. पांढऱ्या पेशींचे न्यूक्लियस काळपट. आता अशी स्लाइड आली की खरं तर मोजायचीच नाही, फेकून नवीन करायची, पण सवय अशी लागते ना की डोळा मनातल्या मनात रंग दुरुस्त करून घेतो. मी पण आधी तेच केलं. ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर फिरलो, भरपूर ग्रॅन्युलोसाइट, ठीक आहे, न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल, न्यूट्रोफिल. मग तेल टाकून १०० वर गेलो आणि दहा-बारा फील्ड झाल्यावर काहीतरी खटकायला लागलं. सगळे दोन लोबचे, म्हणजे न्यूक्लियसचे दोनच भाग. न्यूट्रोफिल म्हटलं की दोनपासून पाच लोबपर्यंत मिसळ असते, तीन-चारवाले सगळ्यात जास्त, इथं मात्र एकामागोमाग एक दोन लोब, मधे बारीक धागा, चष्म्यासारखे.

पहिला विचार काय आला सांगू, पेल्गर-ह्युएट. म्हणजे न्यूट्रोफिलचा न्यूक्लियस नीट विभागलाच जात नाही तो जन्मजात प्रकार, किंवा त्याच्यासारखं दिसणारं खोटं पेल्गर जे मायलोडिस्प्लासियामध्ये (अस्थिमज्जेचा आजार) दिसतं. पुस्तकात वाचलेलं दुर्मिळ काहीतरी आपल्याला सापडलं म्हणून छाती फुगली पण थोडी. पण पेल्गरमध्ये क्रोमॅटिन (न्यूक्लियसमधला ऐवज) फार घट्ट, गोळा झालेलं असतं आणि सायटोप्लाझम एकतर नेहमीच्या न्यूट्रोफिलसारखा किंवा दाणे कमी असलेला फिकट. इथं सायटोप्लाझम रिकामा नव्हता. करडा, निळसर, पण ठासून भरलेला.

मग मी ते केलं जे आम्हाला शिकवणाऱ्या जुन्या सरांनी सांगितलेलं आणि मी वर्षानुवर्षं केलंच नव्हतं, एकाच पेशीवर थांबून फाइन फोकस अगदी हळू वर-खाली केला, कंडेन्सर थोडा खाली घेतला. आणि दाणे चमकायला लागले. एकेक सुटा, गोल, सगळे एका मापाचे, प्रकाश परतवणारे. न्यूट्रोफिलचे दाणे असे चमकत नाहीत, ते म्हणजे पिठीसाखर, वेगळे मोजता येत नाहीत. आणि हे म्हणजे राजगिऱ्याचा लाडू.

इओसिनोफिल. फक्त केशरी नसलेले.

मुलाला हाक मारली, विचारलं स्टेन कशात पातळ केला. म्हणाला, "सर, बफर संपलं होतं, बोअरचं घेतलं." नळाला पाणी नाही, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपलेला, बफरच्या (पाण्याचा पीएच ठरावीक ठेवणाऱ्या) गोळ्या मागवायच्या राहिलेल्या, ते मीच विसरलेलो. बोअरच्या पाण्यात पट्टी बुडवली, पीएच ८ च्या वर. आमच्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते गिझरचं कॉइल बघितलं की कळतं.

यामागचं कारण सोपं आहे. लेशमन हा रोमानोव्स्की जातीचा स्टेन, त्यात दोन रंग असतात, मिथिलिन ब्लू आणि त्याच्यापासून झालेले अझ्युर, हे न्यूक्लियस धरतात, आणि दुसरा इओसिन, तो लाल पेशी आणि इओसिनोफिलचे दाणे धरतो. इओसिनोफिलच्या दाण्यातलं प्रोटीन बेसिक, म्हणून अॅसिड रंग तिथं चिकटतो, एर्लिखनं १८७९ मध्ये पेशीला नाव दिलं तेही या रंगावरूनच. पण हे सगळं पीएच ६.८ च्या आसपासच नीट जमतं. पाणी अल्कलाइन झालं की निळा वरचढ होतो, इओसिन मागे पडतं आणि केशरी दाणा निळा-करडा दिसतो. उलट पाणी अॅसिडिक असेल तर सगळं गुलाबी आणि न्यूक्लियस फिके. (मलेरिया बघायचा तर मुद्दाम ७.२ वर करतात, ते वेगळं.) बॅटरीचं पाणी वापरणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, नुसतं डिस्टिल्ड म्हणजे न्यूट्रल नाही, उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन अॅसिडिक होतं. गोळी टाकलेलं बफरच पाहिजे.

दोन तासात गोळ्या आणि कॅन आणवले. पेशंटला परत बोलावून ताजं रक्त घेतलं, नवीन स्लाइड केल्या, स्टेन दोन मिनिटं, मग दुप्पट बफर, आठ मिनिटं, धुतलं. आणि जुनी निळी स्लाइड पण फेकली नाही, तेल पुसून मिथेनॉलनं रंग काढला आणि ६.८ वर परत रंगवली, म्हटलं बघूया. आधी तिच्यावरच्या एका फील्डचे स्टेजच्या पट्टीवरचे आकडे लिहून ठेवले होते. परत त्याच फील्डवर गेलो. त्याच पाच पेशी, तोच दोन लोबचा चष्मा, आणि भोवती भरगच्च केशरी. मुलगा आयपीसला डोळा लावून बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "आयला सर."

आता नीट मोजणी. शंभर नाही, दोनशे पेशी मोजल्या, कारण शंभर पेशींच्या मोजणीत ५ टक्के आलं तर खरा आकडा १ ते १२ च्या मधे कुठंही असू शकतो, एवढं ते ढोबळ असतं. आणि टेलच्या टोकाला नाही मोजायचं, कडेला पण नाही, तिथं मोठ्या पेशी ढकलल्या जातात आणि इओसिनोफिल नाजूक असतात, कडेला फुटून नुसते दाणे पसरलेले सापडतात. लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथं, किल्ल्याच्या तटासारखं वर-बाजूला-खाली असं फिरत जायचं. मशीनचा कागद उलटा करून ठेवला. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मुलानं आधी ७९ वाचलं होतं आणि मग मोजलं होतं, मग ८० आले यात त्याचा डोळा किती आणि कागद किती देव जाणे. काउंटरवर इओसिनोफिलचं बटन आमच्याकडे कडक झालेलं, कधी दाबलंच जात नाही ना.

आलं ते असं: इओसिनोफिल १२४, न्यूट्रोफिल ४६, लिम्फोसाइट २४, मोनोसाइट ५, बेसोफिल १. म्हणजे ६२ टक्के इओसिनोफिल. ताज्या सॅंपलचा टोटल पण २४ हजारच्या वरच होता, जुना २४,६०० धरला तर अॅब्सोल्यूट, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तातले इओसिनोफिल, १५,२५२. नॉर्मल वरच्या बाजूला ५०० धरतात. पडताळा म्हणून चेंबरवरही (पेशी मोजायची चौकटी आखलेली न्यूबॉरची काच) केलं, इओसिन-अॅसिटोनचं द्रावण, २० मायक्रोलिटर रक्त ३८० मध्ये, न्यूबॉरच्या चार कोपऱ्यात २९८ पेशी, गुणिले ५०, म्हणजे १४,९००. जुळलं. आणि हे जुळणं खरं, कारण दोन्ही वेगळ्या रस्त्यानं आलेले आकडे होते.

मॅडमनी दोन्ही स्लाइड बघितल्या, बराच वेळ. त्यांना ब्लास्ट (अगदी कोवळ्या पेशी) आहेत का, अर्धवट वाढलेले मायलोसाइट वगैरे आहेत का, बेसोफिल वाढलेत का हे बघायचं होतं, कारण एवढे इओसिनोफिल म्हटले की सीएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) किंवा इओसिनोफिलिक ल्युकेमिया मनात ठेवावाच लागतो. तसं काही नव्हतं, पेशी सगळ्या पिकलेल्या, काहींचे दाणे थोडे सांडलेले एवढंच, आणि हिमोग्लोबिन-प्लेटलेट जागेवर. रिपोर्ट बदलून दिला, 'सुधारित' असं वर ठळक लिहून, आणि मॅडमनी डॉक्टरांना स्वतः फोन केला.

पुढचं काम डॉक्टरांचं, पण कळलं तेवढं सांगतो. रात्री वाढणारा खोकला, छातीत शिट्टी, एक्स-रेत बारीक ठिपके, इओसिनोफिल ३,००० च्या वर, हे चित्र म्हणजे ट्रॉपिकल पल्मोनरी इओसिनोफिलिया. फायलेरियाच्या जंतूंना शरीराची अति प्रतिक्रिया. क्युलेक्स डास, हत्तीरोग, आपला सोलापूर जिल्हा त्या पट्ट्यात मोडतोच. गंमत म्हणजे या आजाराची जुनी नोंद १९४० ची आहे, फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन यांची, आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या टीबीच्या सॅनेटोरियममधली, म्हणजे तिथंही ही माणसं टीबीच्या पेशंटमध्येच जाऊन बसलेली होती. आमच्या पेशंटच्या आधी ऐंशीच्या वर वर्षं.

डॉक्टरांनी शौच तपासणी तीनदा सांगितली, जंत आहेत का बघायला, विशेषतः स्ट्राँगिलॉइडिस, कारण तो असताना स्टिरॉइड दिलं तर महागात पडतं. काही सापडलं नाही. रात्री अकराला रक्त घ्यायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो, मायक्रोफायलेरिया रात्रीच रक्तात फिरतात म्हणून, त्यातही काही नाही. पण या आजारात ते बहुतेक वेळा मिळतच नाहीत, फुफ्फुसात अडकून तिथंच मारले जातात, त्यामुळे नाही मिळाले म्हणून आजार नाही असं होत नाही. आयजीई (अॅलर्जीत आणि जंतांमध्ये वाढणारी अँटिबॉडी) बाहेर पाठवलं, ते हजारच्या बरंच वर आलं. डीईसी (हत्तीरोगावरचं औषध) सुरू केलं, किलोला ६ मिलिग्रॅम रोज, २१ दिवस. आठव्या दिवशी अॅब्सोल्यूट ४,९००, बाविसाव्या दिवशी १,१००. बायको रिपोर्ट न्यायला आली तेव्हा म्हणाली, आता घरात सगळे झोपतेत.

मधल्या काळात मी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून ते निम्मे-निम्मे बंद करायला लावलं. आता मशीनचं असेल तर ग्रॅन, लिम्फ, मिड असेच तीन छापतो, आणि पाच रकाने फक्त स्लाइड बघितली असेल तरच, खाली मोजणाऱ्याची सही. दोन डॉक्टरांनी तक्रार केली की समोरच्या लॅबचा रिपोर्ट पूर्ण असतो, तुमचा का अर्धा. एकानं पेशंट पाठवणं कमी केलं. चालायचंच. बोअरच्या नळाजवळ आता चिठ्ठी आहे, 'स्टेनला नाही', आणि बफर एक आठवड्याचं जास्तीचं करून ठेवतो.

एक गोष्ट मात्र राहिली. शेवटच्या फॉलोअपच्या वेळी छातीचे डॉक्टर म्हणाले, फाइलमध्ये तुमचाच फेब्रुवारीचा एक सीबीसी आहे, टोटल ११,९००, इओसिनोफिल ४ टक्के, मग दोन महिन्यात एवढे कसे वाढले? मी जुनी एंट्री काढली. ग्रॅन ७१, लिम्फ २१, मिड ८. आठाचे निम्मे चार. टोटल २० हजारच्या खाली, त्यामुळे स्लाइड केलेलीच नव्हती. पेशंटला विचारलं तर म्हणाला त्या वेळी दम लागला म्हणून आदल्या दिवशी गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं होतं, कागद दाखवला, डेक्सा, म्हणजे स्टिरॉइड. म्हणजे कदाचित त्या दिवशी इओसिनोफिल खरंच कमी असतील, स्टिरॉइडनं काही तासांतच ते रक्तातून गायब होतात आणि न्यूट्रोफिल वाढतात. किंवा तेव्हाही रक्त इओसिनोफिलनं भरलेलं असेल आणि सगळे त्या ७१ मध्ये बसलेले असतील.

डॉक्टर म्हणाले, "मग फेब्रुवारीत खरे किती होते?"

म्हटलं, "सर, ते चार आम्ही मोजलेले नाहीत." फोनवर थोडा वेळ दोघंही गप्प.